टर्नटेबलाखालच्या दोन तारा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या पोरींना नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. आता तुम्हाला सांगतेय. तुम्ही कोण, हेही मला धड ठाऊक नाही, पण पत्रकं लिहून लिहून माझं असं झालंय की समोर चेहरा नसला तरच मला सरळ बोलता येतं. चेहरा दिसला की मी भाषण करायला लागते.

माझं नाव झालं ते एका पत्रकानं. ‘पडद्यामागचा माणूस.’ एकच कागद, पाठपोट छापलेला. पूर्णेच्या स्टेशनवर वाटला, परभणीच्या कॉलेजांत वाटला, चुडाव्याच्या एका सभेत तर एका बाईनं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि माणसं उभी राहिली. त्या कागदावरचा एकही शब्द मी आज मागं घेणार नाही. जे घडलं म्हणून लिहिलंय, ते घडलं होतं. पण कशानं घडलं? ते त्यात नाही. ते मी खाल्लं.

थांबा, नीट सांगते. नाहीतर मी परत पत्रकच लिहायला लागेन.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे एक सर होते. त्यांच्या घरी, समोरच्या मोठ्या खोलीत, छोटी रेल्वे होती. जत्रेतलं खेळणं नव्हे—जुन्या मीटरगेजच्या काळातलं अख्खं पूर्णा जंक्शन त्यांनी फळ्यांवर उभं केलं होतं. फलाट, पाण्याची टाकी, कोळशाचा ढीग, इंजिनांची शेड. इंजिन त्यांनी स्वतः पितळेचा पत्रा कापून, कानशीनं घासून घासून केलेलं, तळहातावर मावेल एवढं. आणि शेडसमोर टर्नटेबल. वाफेच्या इंजिनाचं तोंड वळवायला असायचं ना ते—गोल खड्डा आणि त्यात फिरणारा पूल. इंजिन पुलावर घ्यायचं, पूल अर्धा फिरवायचा, की इंजिनाचं तोंड आल्या वाटेकडं. खऱ्या शेडमध्ये तो पूल माणसं खांद्यानं रेटायची. माझे आजोबा त्यातले. इंजिन शेडमधले खलाशी होते ते.

आजोबांचा मुलगा किसनमामा, माझ्या आईचा थोरला भाऊ. लहानपणी तो बापाचा डबा घेऊन शेडमध्ये जायचा, कधी कधी त्या पुलावर बसून एक फेरी मारायचा. आता स्टेशनवर ऑटो चालवतो. आणि दर रविवारी सरांकडं. रूळ पुसायचे, चाकांना तेल घालायचं, तुटलेलं जोडायचं—मामा नसता तर ती रेल्वे महिनाभर चालली नसती.

पण ती बघायला लोक यायचे तेव्हा मामा कुठं असायचा, सांगू? फळ्यांच्या खाली. फळ्यांना चहूबाजूंनी हिरवा पडदा लावलेला. त्यामागं मामा पाटावर बसायचा, मान वाकवून, आणि सायकलच्या पायडलापासून केलेल्या दांड्यानं टर्नटेबल फिरवायचा. वर पूल असा संथ फिरायचा की लोक तोंडात बोटं घालायचे. कुणीतरी विचारायचंच, सर, हे फिरतं कसं हो? सर चष्मा पुसत म्हणायचे, “यंत्रणा आहे.”

यंत्रणा!

मी पाचवीत होते. गर्दीत माझी चप्पल पडद्याखाली गेली म्हणून वाकले, पडदा उचलला—आणि मामा. घामानं निथळणारा. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि हसला. मामा हसला, मी नाही हसले. घरी आल्यावर विचारलं, तू खाली का बसतोस? तर म्हणतो, “अगं मंग फिरवणार कोन? माज्या बापानं खरं फिरवलं, मी हे फिरवायलोय. सरांला जमतंय व्हय ते?” आणि हे सांगताना त्याची छाती फुगलेली. त्याला खरंच आनंद होत होता, कळतंय का तुम्हाला? सरांचा राग मला पुढं कितीतरी कारणांनी आला. पण पहिला राग आला तो मामाच्या त्या आनंदाचा.

पुढं मी परभणीला आयटीआय केलं, इलेक्ट्रॉनिक्स. तिथंच संघटनेत आले. पत्रक कसं लिहायचं हे आम्हाला एका ताईंनी शिकवलं. त्या म्हणायच्या, पत्रकाला एक माणूस लागतो आणि एक वाक्य लागतं. माणूस आपला, वाक्य त्यांचं. बाकी सगळा मसाला. मी हे डोक्यात कोरून ठेवलं. माणूस माझ्याकडं होता—कितीतरी वर्षांपासून, हिरव्या पडद्यामागं. वाक्य मात्र नव्हतं. ‘यंत्रणा आहे’ यानं कोण पेटणार? सर गोड माणूस. कुणाला अरे-तुरे नाही, मारकुटे नाहीत. सोल्डरिंगसुद्धा मला आधी त्यांनीच शिकवलं, सुट्टीत घरी बोलावून, बोट भाजलं तेव्हा स्वतः मलम लावून. हेही पत्रकात नाही.

मग एके दिवशी मी सरांना म्हणाले, आपण टर्नटेबलाला मोटर बसवू. सर लहान पोरासारखे खूश. गणपतीच्या देखाव्यात मूर्तीखालची चकती हळूहळू फिरवतात ना, तसली मोटर मी मिळवली. आठवड्यामागून आठवडे आम्ही तिघं त्यात होतो. सुरुवातीला पूल हवा तिथं थांबायचाच नाही, रुळाला रूळ जुळायचा नाही, इंजिन अडखळायचं. मग पुलाखाली पितळी खिटी बसवली, बरोबर अर्ध्या फेरीला ती खाचेत पडायची आणि मोटर बंद. ज्या दिवशी पहिल्यांदा जुळलं त्या दिवशी मामा खाली उताणा पडून बॅटरी धरून होता. तिथून ओरडला, “सुजे, माजी नौकरी खाल्लीस की गं!” सर हसले. मी हसले. ते हसणं खोटं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण त्यानं माझं काम सोपं होत नाही.

वीज रुळांतून जाते. एका रुळात अधिक, दुसऱ्यात उणे, आणि त्यावर ठरतं इंजिन पुढं जाणार की मागं. आता टर्नटेबल अर्धं फिरलं की पुलावरच्या दोन्ही रुळांच्या बाजू बदलतात. डावा उजवीकडं, उजवा डावीकडं. म्हणून अर्ध्या फेरीनंतरच पुलाला वीज देणाऱ्या दोन वेगळ्या तारा असतात, त्यांचा मेळ बघून घ्यावा लागतो. त्या नीट असल्या तर तोंड वळवलेलं इंजिन पुढं निघून आल्या वाटेनं परत जातं. उलट्या लागल्या तर मागं सरकतं. मागं काय होतं? खड्ड्याचा काठ. पुठ्ठ्याची एवढीशी भिंत. आणि त्यापलीकडं काहीच नाही, कारण लोकांना जवळून दिसावं म्हणून सरांनी टर्नटेबल फळीच्या अगदी कडेला घेतलं होतं. हे सगळं मला येतं. माझा विषयच तो.

मोटरमागं माझा हिशोब साधा होता. मोटर आली की मामा वर येईल. मी पेटी केली, तिच्यावर दोन बटणं. एक टर्नटेबल फिरवायचं, दुसरं इंजिन पुढं-मागं न्यायचं. पेटी फळीच्या दर्शनी बाजूला लावली. दिवाळीच्या सुट्टीत सरांनी मोठा कार्यक्रम ठरवला होता—रेल्वेतले निवृत्त लोक, शाळेचे शिक्षक, गावातले पुढारी. त्या सगळ्यांसमोर मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहील आणि बटण दाबेल. सर म्हणाले होते, हो, छान होईल.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी गेले, तर पेटी समोर नव्हती. सरांनी स्क्रू काढून ती खाली, पडद्यामागं लावली होती. तिथं पाटही ठेवलेला. म्हणाले, बटण दिसलं की मजा जाते, लोकांना आपोआप फिरल्यासारखं वाटलं पाहिजे. आणि किसनला खालची सवय आहे. मी मामाकडं बघितलं. मामा म्हणाला, “आसू दे गं. मला काय, हितून बी तेच.”

हितून बी तेच.

दुपारी सगळे आत जेवायला बसले. मामाही बसला—सरांच्या शेजारच्या ताटावर, दर रविवारी बसायचा तसा. हेही पत्रकात नाही. मी म्हणाले, मला भूक नाही, एकदा जोडण्या बघून घेते. सर आतून म्हणाले, “शाबास!” मी पडद्याखाली शिरले. मामाच्या पाटावर बसले. पेटी उघडली. पुलाच्या त्या दोन तारा—एक लाल, एक काळी. काढल्या, उलट्या लावल्या, टाके मारले. इतकं स्वच्छ सोल्डरिंग मी परीक्षेतही केलं नव्हतं.

आता इथं मी बरीच वर्षं एक गोष्ट स्वतःला सांगत आले. ती अशी—मला सरांची फजिती करायची होती. इंजिन पडेल, पाहुणे हसतील, सरांचं तोंड उतरेल. इतकंच. पोरकट सूड. तुम्ही म्हणाल, चालायचंच, वय होतं, राग होता.

पण पडद्यामागं काय काय होतं हो? एक पेटी आणि एक माणूस. इंजिन पडल्यावर बोट कुणाकडं जाणार होतं? हे मला कळत नव्हतं? जिला अधिक-उणे कळतं तिला एवढं कळत नव्हतं?

कळत होतं. मला सर पडायला नको होते—मला सर बोलायला हवे होते. ते गोड तोंड एकदा, एकदाच, सगळ्यांसमोर उघडं पडायला हवं होतं. आणि ते उघडायला समोर मामा लागणार होता. शेळी बांधतात ना, वाघ यावा म्हणून, तसा मी माझा मामा बांधला. माझ्या आईचा भाऊ.

दुपार कलली तेव्हा खोली गच्च भरली होती. इंजिन फलाटावरून निघालं, शेडजवळ आलं, पुलावर चढलं. पूल फिरला. काय सुरेख फिरला! खिटी खाचेत पडल्याचा बारीकसा आवाज मला एकटीला ऐकू आला. टाळ्या. आता इंजिन पुढं निघणार, म्हणून सगळे वाकले. आणि ते मागं गेलं. पुठ्ठ्याची भिंत आडवी झाली, पितळ फरशीवर आपटलं, एक चाक घरंगळत कुणाच्या तरी बुटापाशी जाऊन थांबलं. एक पुढारी खो खो हसला.

सरांनी पडदा ओढला. सगळ्यांना दिसला तो मामा—पाटावर, इस्त्रीच्या शर्टात, बोट अजून बटणावर. आणि सर बोलले.

“किसन! एवढं एक बटण. तेवढंसुद्धा तुमच्या लोकांना धड दाबता येत नाही?”

तुमच्या लोकांना.

मिळालं. मला काय वाटलं सांगू त्या क्षणी? वाईट नाही वाटलं. मामाच्या मानेवरची शीर ताणलेली मला दिसत होती, आणि माझ्या आत लाडू फुटत होते. माझ्या हाताला कागद हवा होता. घरी जाईपर्यंत पहिला परिच्छेद तयार झाला होता. दुसऱ्या दिवशी पत्रक छापून हातात.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. सरांच्या घराचा उंबरा लोकांनी सोडला. शाळेनं त्यांना बोलवायचं बंद केलं. ज्यांची पोरं त्यांनी घडवली ते रस्त्यात मान फिरवायला लागले. सर एकदा आमच्या वस्तीत आले होते, मामाची माफी मागायला, काठी टेकत. आमच्या पोरांनी त्यांना कोपऱ्यावरूनच परत पाठवलं, घोषणा देत. घोषणा मी लिहिलेली. वर्षभरानं घर विकून ते मुलाकडं पुण्याला गेले. पूर्णा जंक्शन भंगारवाल्यानं नेलं.

सरांचं मला वाईट वाटत नाही. हे स्पष्ट लिहिते, म्हणजे कुणी माझ्या तोंडात दुसरं काही घालायला नको. ते दोन शब्द माझ्या तारांनी त्यांच्या तोंडात घातले नव्हते. ते आत होतेच, आयुष्यभर, गोड बोलण्याच्या खाली पाट टाकून बसलेले. मी फक्त पडदा ओढायला लावला. उद्या परत तशी दुपार आली तर त्यांच्याबाबतीत मी परत तेच करीन.

पण मामा.

पत्रक वाटल्यावर दोन-चार दिवसांनी मामा घरी आला. कागद चौपदरी घडी करून खिशात. म्हणाला, “लय भारी लिवलंस, सुजे. स्टेशनवर समदे वाचायलेत.” मग खिशातली घडी चाचपत म्हणाला, “पन एक इचारू? बटन तर म्याच उलटं दाबलं ना गं? सर चुकीचं बोलले, ते खरं हाय. पन चूक तर माजीच व्हती ना?”

तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो. आई दळण घेऊन गिरणीत गेलेली. एक वाक्य. त्यानं काय केलं असतं? दोन मुस्काटात दिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी ऑटो घेऊन स्टेशनवर गेला असता, ताठ मानेनं.

मी म्हणाले, “जाऊ दे मामा. चूक कुणाकडूनही होते.”

वाचलंत? मी नुसती गप्प नाही राहिले. मी त्याला हो म्हणाले. तारा उलट्या लावल्या तो राग होता, सूड होता, काय म्हणायचं ते म्हणा. हे वाक्य कसलं होतं? समोर बसलेल्या, मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेल्या माणसाला मी थंड डोक्यानं सांगितलं की तू चुकलास. कारण तो चुकला नसेल, तर माझं पत्रक कशावर उभं राहणार?

तेव्हापासून मामा बटणाला हात लावत नाही. वस्तीत कुणाची मोटर बंद पडो, कुणाचा पंखा जळो, आधी किसनमामा धावायचा. आता म्हणतो, “दुसऱ्याला बलवा बाबा, माज्या हातानं उलटं व्हतंय.” हसून म्हणतो. पोरं त्याची चेष्टा करतात, तोही करतो. पण एकदा स्टेशनबाहेर मी लांबून बघितला त्याला. गाडीला वेळ होता, ऑटो रिकामी. मामा सीटवर बसून, समोरच्या दांडीवर अंगठा ठेवून, हळूच दाबत होता. पुढं. मागं. पुढं. मग थांबून अंगठ्याकडं बघत बसला. त्या दुपारी हे बोट कुठं गेलं होतं, ते आठवत असेल. तो अजून शोधतोय. जे घडलंच नाही, ते आठवायला बघतोय.

मी मागच्या मागं वळले आणि मोर्चाच्या बैठकीला गेले.

जयंतीची लायटिंग आमच्या वस्तीत दर वर्षी मामाच करायचा. कमानीपासून विहारापर्यंत निळ्या माळा, आणि संध्याकाळी सगळे जमले की बटण दाबायचा मानही त्याचा. त्या दिवाळीनंतर त्यानं तो सोडला. पुढं बरीच वर्षं दुसरंच कुणीतरी दाबायचं. यंदा समितीनं ठरवलं, बटण माझ्या हातानं दाबायचं. नाव माझंच सुचवलं कुणी? मामानं. म्हणाला, “आमच्या वस्तीचं नाव हिनं केलं, हिलाच मान.” मी नाही म्हणू शकले असते. त्याला पुढं करून म्हणू शकले असते, हा मान ह्याचा आहे, आणि का आहे ते ऐका. माईक हातात होता. अख्खी वस्ती समोर होती. मामा पहिल्या रांगेत उभा होता, दोन्ही हात मागं बांधून.

मी बटण दाबलं. माळा लागल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानं वाजवल्या आणि शेजारच्याला म्हणाला, “बगा, हात आसा लागतोय.” मग मी भाषण केलं. चांगलं झालं, लोक म्हणाले.

हे वाचून तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. मी ते खोडणार नाही. मामाही वाचील, मराठी वाचता येतं त्याला, माझं प्रत्येक पत्रक वाचतो तो. त्यानं काय करावं हे मी सांगणार नाही, आणि काही करू नये असंही नाही. त्याच्यासाठी इथं एवढंच आहे:

तारा मी बदलल्या होत्या. मामा, तू बटण पुढंच दाबलं होतंस.